चौकटीच्या चार कडा

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जुन्या फोटो स्टुडिओत एक काम वर्षभर येत राहतं. घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, तेरावा तोंडावर आलेला असतो आणि मुलगा किंवा पुतण्या पिशवीतून लग्नातला एक ग्रुप फोटो घेऊन येतो. ‘यातली आमची आई काढून द्या, बारा बाय पंधरा करा.’ त्या आईचा एकटीचा फोटो घरात नसतोच. आयुष्यात ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती कुणाच्या तरी लग्नात, दुसऱ्या रांगेत, विहीणबाई आणि नणंद यांच्या मधे. फोटोत तिचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. स्टुडिओवाला फोटो स्कॅन करतो, चेहऱ्याभोवती चौकट ओढतो आणि तिथेच अडतो. आईच्या डाव्या खांद्यावर नणंदेचा हात आहे. तो ठेवला तर भिंतीवरच्या तसबिरीत मनगटापासून तुटलेला एक परका हात कायमचा राहणार. पुसला तर खांद्यावरचा पदर नव्याने रंगवावा लागणार. चौकट वर सरकवून खांदाच बाहेर ठेवला तर हनुवटीखाली जागा उरत नाही आणि हार घातला की अर्धा चेहरा झेंडूत बुडतो. चौकट मोठी करावी तर विहीणबाईंचा कान आत येतो.

शेवटी तो काहीतरी ठरवतो. बहुतेक वेळा दहा मिनिटांत, कारण बाहेर माणूस थांबलेला असतो. पण पुढची तीस-चाळीस वर्षं त्या घरातली नातवंडं आजीला ओळखतात ती या दहा मिनिटांत ठरलेल्या चौकटीतून. लग्नात बटण दाबणाऱ्या फोटोग्राफरला ती बाई दिसलीही नसेल, त्याचं लक्ष नवरानवरीकडे होतं. तिचं व्यक्तिचित्र घडवलं ते नंतर, चार रेघा ओढणाऱ्याने.

हे पुस्तक त्या चार रेघांबद्दल आहे. माणसाचा फोटो काढताना त्याला चौकटीत कुठे आणि किती बसवायचं, आणि फोटो काढून झाल्यावर तो कुठून कापायचा, या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या शिकवल्या जातात. कॅमेऱ्याच्या वर्गात पहिली येते, कॉम्प्युटरच्या वर्गात दुसरी. त्यामुळे क्रॉप म्हणजे बिघडलेल्या फोटोची डागडुजी, असा एक समज पक्का झाला आहे. तो मला मान्य नाही. दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो: या माणसाबद्दल सांगताना काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं? फरक एवढाच की पहिल्यांदा माणूस समोर असतो, दुसऱ्यांदा नसतो. दुसऱ्यांदा ठरवताना म्हणूनच जास्त जपावं लागतं.

चौकटभर चेहरा घेणं आज इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कधीतरी कुणी धाडसाने सुरू केलं असेल, हे ध्यानातही येत नाही. १८५४ साली पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि सुमारे सहा बाय नऊ सेंटिमीटरचे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो घरोघरी पोचले. त्याच साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळातले स्टुडिओतले फोटो पाहिले तर लंडन काय, मुंबई काय, मांडणी साधारण एकच: मागे पडदा, बाजूला खांब किंवा टेबल, टेबलावर पुस्तक आणि पायातल्या जोड्यापासून डोक्यावरच्या पागोट्यापर्यंत अख्खा माणूस. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातली फार थोडी जागा येई.

१८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्लंडमध्ये. १८६७ साली त्यांनी खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचा फोटो काढला. अंधारातून पुढे आलेलं डोकं, विस्कटलेले पांढरे केस आणि थेट आपल्याकडे पाहणारे थकलेले डोळे. खुर्ची नाही, टेबल नाही, पुस्तक नाही. समोरचा माणूस मोठा शास्त्रज्ञ आहे हे सांगण्यासाठी शेजारी दुर्बीण ठेवण्याची गरज बाईंना वाटली नाही. फोकस नीट नाही म्हणून त्या काळच्या जाणकारांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली. पण आज हर्शेल म्हटलं की तोच फोटो आठवतो, आणि मला वाटतं ते योग्यच आहे.

म्हणून जवळ जाणं हाच राजमार्ग, असं मात्र कुणी समजू नये. १९४६ साली अर्नोल्ड न्यूमन यांनी न्यूयॉर्कमध्ये संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांचा फोटो काढला. चौकटीचा बहुतेक भाग पिआनोच्या उघड्या झाकणाने व्यापला आहे, एक मोठा, काळाभोर, वळणदार आकार. स्ट्राविन्स्की खाली डाव्या कोपऱ्यात, डोकं हातावर टेकलेलं. मूळ निगेटिव्हवर भोवताली बरीच मोकळी जागा आहे. न्यूमन यांनी ती निर्दयपणे कापली, तेव्हा कुठे तो काळा आकार आणि ते छोटं डोकं एकमेकांना तोलू लागले. ज्या मासिकासाठी फोटो काढला होता त्या ‘हार्पर्स बझार’ने तो नाकारला. आता तो न्यूमन यांचा सर्वांत गाजलेला फोटो आहे. त्याच वर्षी मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी गांधीजींचा फोटो काढला. त्यात पुढे मोठा चरखा आहे आणि गांधीजी मागे बसून वाचताहेत. एखाद्या उत्साही माणसाने त्यातून ‘नीट चेहरा’ कापून काढला तर हाती एक म्हातारा वाचक येईल. चेहरा मोठा केल्याने माणूस मोठा होतोच असं नाही.

क्रॉपने काय साधतं आणि काय हातचं जातं, हे एकाच फोटोत पाहायचं असेल तर फोटोग्राफर आल्बेर्तो कोर्दा यांनी काढलेला क्रांतिकारक चे गव्हेराचा फोटो पाहावा. ४ मार्च १९६० रोजी क्यूबातल्या हवाना बंदरात ‘ला कूब्र’ या जहाजावर स्फोट होऊन अनेक माणसं मेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी शोकसभा झाली. कोर्दा वर्तमानपत्रासाठी फोटो काढत होते, हातात लायका कॅमेरा आणि त्याला ९० मिलिमीटरची लेन्स. व्यासपीठावर चे क्षणभर पुढे आला आणि कोर्दांनी दोन फोटो घेतले, एक आडवा, एक उभा. उभ्या फोटोत चेच्या खांद्यामागून दुसऱ्याच कुणाचं डोकं डोकावतं, म्हणून तो बाद. आडव्यात एका बाजूला एका माणसाचा चेहरा बाजूने दिसतो, दुसऱ्या बाजूला माडासारख्या झाडाच्या झावळ्या. वर्तमानपत्राने तो छापला नाही. कोर्दांनी मात्र माणूस आणि झाड दोन्ही कापले आणि उरलेला चेहरा आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावला. १९६७ साली त्याची प्रत एका इटालियन प्रकाशकाच्या हाती गेली आणि मग ती भिंतींवर, झेंड्यांवर, टी-शर्टांवर जगभर पसरली.

या क्रॉपचं कौतुक सगळेच करतात, मीही करतो. नजर वर, केसांभोवती नुसतं आकाश, ना गाव ना वेळ. पण अख्खा आडवा फोटो प्रथम पाहणाऱ्याला धक्का बसतो. त्या नजरेतला राग आणि दुःख कालच्या मेलेल्यांसाठी होतं. झाड होतं, शेजारी माणूस होता, सभा होती. कापलेल्या फोटोत ती नजर कुठल्याही भविष्याकडे लावता येते, आणि लोकांनी ती लावली. क्रॉपने एक प्रतीक दिलं आणि एक शोकसभा पुसली. दोन्ही चित्रं खरी आहेत, पण ती एक नव्हेत. क्रॉपच्या बटणावर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

क्रॉप करूच नये असं मानणाराही एक मोठा पंथ आहे आणि त्याचे गुरू फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ. जे ठरवायचं ते बटण दाबतानाच, हा त्यांचा कटाक्ष. तरीही पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे, कारण कुंपणाच्या फटीतून घेताना कुंपणाचा तुकडा आत आला होता. नवशिक्यांनी सहा महिने त्यांचा नियम पाळावा, नजर घट्ट होते. त्यापुढे तो नियम बाळगण्याचं कारण मला दिसत नाही.

आता अंतराविषयी, कारण फोनमुळे आपल्या सगळ्यांचे चेहरे बिघडले आहेत. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर अंतर असतं. हात लांब करून किंवा अगदी जवळ जाऊन तीस सेंटिमीटरवरून फोटो काढला तर कान बेचाळीस सेंटिमीटरवर राहतात, म्हणजे नाक कानांच्या मानाने चाळीस टक्के मोठं येतं. तोच माणूस दीड मीटरवरून घेतला तर हा फरक आठ टक्क्यांवर येतो. चेहरा प्रत्यक्षात गप्पा मारताना दिसतो तसा दिसू लागतो. लोक याचं खापर लेन्सवर फोडतात, पण चेहऱ्याचं प्रमाण ठरतं ते फक्त अंतराने. दीड मीटरवरून साध्या लेन्सने फोटो काढून मधला भाग कापून घेतला, किंवा तिथेच उभं राहून ८५ मिलिमीटरच्या लेन्सने चौकटभर चेहरा घेतला, तर नाक-डोळे-कान यांचं नातं अगदी सारखं येतं. तेव्हा फोनने आजोबांचा फोटो काढायचा असेल तर दोन पावलं मागे या, भोवताली नको ते दिसत असलं तरी दिसू द्या आणि नंतर कापा.

कापण्याची किंमत पडते ती पिक्सेलमध्ये. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो. दोन्ही बाजूंनी निम्मा केला की ३००० बाय २००० उरतो, म्हणजे चौथा हिस्सा. इंचाला तीनशे ठिपके या छपाईच्या नेहमीच्या हिशेबाने त्यातून दहा बाय साडेसहा इंचांची स्वच्छ प्रत निघते. घरच्या भिंतीला पुरते. याहून मोठं हवं असेल तर आधीच विचार करायला हवा.

कुठे कापायचं याचे नियम स्टुडिओवाले पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात. सांध्यावर कापू नये: गुडघा, घोटा, कोपर, मनगट, मान. सांध्यावर कड आली की पुढचा अवयव नाहीच असं वाटतं. मांडीच्या मध्यावर, कमरेच्या जरा वर, दंडाच्या मध्यावर कड आली तर नजर तो अवयव आपसूक पुरा करते. हनुवटी कधी कापू नये. डोक्यावरची जागा फार सोडली तर माणूस चौकटीत बुडाल्यासारखा दिसतो. डोळ्यांची रेघ चौकटीच्या मध्याच्या वर असावी. हे सगळं बरोबर आहे आणि पुस्तकात त्याची उदाहरणं भरपूर आहेत.

पण परदेशी पुस्तकांतला एक सल्ला इथे तसाच्या तसा चालत नाही. चेहरा फार जवळून घेताना डोक्याचा वरचा भाग कापला तरी चालतो, असं ती पुस्तकं सांगतात. मोकळ्या केसांच्या डोक्याला ते लागू आहे. फेटा बांधलेल्या माणसाला नाही. फेटा मध्यावर कापला की तो फेटा न राहता कपाळाला गुंडाळलेलं फडकं होतो. घ्यायचा तर तुऱ्यासकट पुरा घ्यावा. शेमला पाठीवर सोडला असेल आणि माणूस तिरपा बसला असेल तर चौकट त्या बाजूला थोडी ऐसपैस ठेवावी. वारकऱ्याच्या फोटोत कपाळावरचा बुक्का आणि गळ्यातली तुळशीची माळ यांच्यामधे चेहरा असतो. यातलं एक जरी कडेबाहेर गेलं तरी फोटोतून त्याची वारी वजा होते. नथ घातलेली बाई अगदी बाजूने घेतली आणि नथ पलीकडच्या नाकपुडीआड गेली तर घरची मंडळी फोटो परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. अंबाडा आणि गजरा दिसावा म्हणून मान थोडी वळवायला सांगायची, मग मागच्या बाजूला जागा सोडायची. नजरेच्या दिशेने जागा जास्त ठेवावी, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम इथे बाजूला ठेवावा लागतो. सोडलेली जागा गजऱ्यासाठी आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

आणि हात. कापताना सर्वांत आधी हात बळी पडतात, हे मला फार खटकतं. साळी, कुंभार, हार्मोनियमवादक, भाकरी थापणारी बाई यांचं आयुष्य चेहऱ्याइतकंच हातांवर लिहिलेलं असतं. मांडीवर विसावलेले दोन हात आत घ्यायचे म्हणजे चौकट कमरेखाली जाते आणि चेहरा लहान होतो. होऊ द्यावा. अर्धे हात घेणं मात्र सर्वांत वाईट. घ्यायचे तर बोटांच्या टोकांपर्यंत घ्यावेत, नाहीतर दंडावरच थांबावं.

चौकटीचे तीन-तीन भाग पाडून छेदबिंदूवर डोळा ठेवण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो. तीन भागांचा हा नियम १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गचित्रांची चर्चा करताना मांडला होता. फोनच्या पडद्यावरच्या त्या रेघा उपयोगी आहेत, पण त्या चेहऱ्यासाठी आखलेल्या नव्हत्या. समोरून थेट पाहणारा, खांदे सरळ ठेवून बसलेला माणूस बरोबर मधोमध ठेवला तर त्यात काहीही गैर नाही. आपले जुने स्टुडिओवाले तेच करत आणि त्यात एक भारदस्तपणा असे.

कागदाच्या आकाराकडे मात्र कुणी लक्ष देत नाही आणि सर्वाधिक फोटो तिथेच वाया जातात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे तीनास दोन. बहुतेक मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांतही तेच प्रमाण आहे. आठ बाय दहाची प्रत मागितली की लांबीचा सहावा हिस्सा कापावा लागतो. काठोकाठ घेतलेल्या उभ्या फोटोत मग तुरा तरी जातो किंवा हात तरी. रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरणारे चौरस चौकटीत पाहायला शिकले ते कॅमेऱ्याचीच चौकट सहा बाय सहाची होती म्हणून. नंतर उभं कापा नाहीतर आडवं, त्यात वाव असे. आता त्यात डीपीच्या गोलाची भर पडली आहे. चौरसातून गोल कापला की सुमारे एकवीस टक्के भाग जातो आणि तोही सगळा कोपऱ्यांतला, जिथे खांदे असतात. उपाय एकच: काढताना चारी बाजूंना थोडी जागा सोडा, आणि हा फोटो कुठे लागणार आहे हे आधी विचारा.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियात शिकणाऱ्या तीन तरुणींचा एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचा. एक आपल्या आनंदीबाई जोशी, साडी नेसलेल्या. शेजारी किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि पलीकडे दमास्कसच्या साबात इस्लामबूली, सीरियातल्या पोशाखात. तिघींची नावं आणि गावं खाली लिहिलेली. आनंदीबाईंच्या नावाशी बंगालमधलं श्रीरामपूर आहे, कारण अमेरिकेला निघण्याआधी पती गोपाळरावांच्या नोकरीमुळे त्या तिथे राहत होत्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, गेल्या.

या फोटोतून एकट्या आनंदीबाई कापून घेणं सोपं आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर त्या शोभूनही दिसतील: धीट, एकटी, पहिली. मांडणीच्या कुठल्याही नियमाने तो क्रॉप चुकीचा ठरणार नाही. पण तिघींना एकत्र पाहताना जे कळतं ते त्यात उरत नाही. घरापासून हजारो मैलांवर तीन देशांच्या तीन मुली एकाच कॉलेजात आल्या होत्या. फोटोसाठी त्या आपापल्या देशाचा पेहराव करून बसल्या होत्या. आनंदीबाईंच्या धैर्याला तिथे सोबत होती. कापलेल्या चित्रात धैर्य उरतं, सोबत जाते. आणि खालची ओळ कापली तर श्रीरामपूरही जातं, म्हणजे त्या कुठल्या वाटेने तिथवर पोचल्या हेही जातं.

मला तीच चौकट पटते जिच्यात कापणाऱ्याने त्या माणसाच्या बाजूने विचार केला आहे. आईच्या खांद्यावरचा नणंदेचा हात पुसायचा की नाही, याचं उत्तर सॉफ्टवेअरकडे नाही. मुलाला विचारावं, ‘ह्या कोण? आईचं आणि यांचं कसं होतं?’ तो म्हणाला, ‘आत्या. दोघी बहिणींसारख्या होत्या,’ तर चौकट मोठी करावी आणि आत्याला तिच्या चेहऱ्यासकट आत घ्यावं. तसबिरीत एकटंच माणूस असलं पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही.

पुढची प्रकरणं वाचायला घेण्यापूर्वी वाचकांनी एक करावं. जुन्या पत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून काटकोनाच्या दोन पट्ट्या कापून घ्याव्यात. अशा पट्ट्या प्रतीवर सरकवून क्रॉप ठरवण्याची रीत फार जुनी आहे. घरातला आल्बम काढावा, एकेका फोटोवर त्या ठेवून चौकट लहानमोठी करून पाहावी, कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं ते नीट बघावं, आवडलेली चौकट फोनने टिपून ठेवावी. फोटो डिजिटल असेल तर क्रॉप वेगळ्या नावाने साठवावा. मूळ फोटोला मात्र कात्री लावू नका, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. तुम्ही बाहेर ठेवलेलं माणूस उद्या कुणीतरी शोधत येणार आहे.